काटाबाबूंची पोथी

काटाबाबूंच्या हातात कुणी तुळशीचं साधं पान ठेवलं, तरी ते तोंडात टाकण्याआधी विचारत, "कुठची?" अंगणातली म्हटलं तर कोणाच्या अंगणातली, अंगणाला लागून रस्ता आहे का, त्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक जातात का, आणि जात असतील तर पान किती वेळा धुतलं. एवढी चौकशी मला नोकरी लागताना माझी कागदपत्रं तपासणाऱ्या साहेबांनीही केली नव्हती. देवळातून प्रसाद घेऊन आलेली एक बाई या चौकशीला कंटाळून तुळस आणि प्रसाद दोन्ही परत घेऊन गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांना खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकातच राहिलं. राजूरच्या कोळसा खाणीत ते वजनकाट्यावर कारकून होते. भरलेला ट्रक काट्यावर आला की वजन घ्यायचं, चिठ्ठी फाडायची आणि पुढच्या ट्रकला हात करायचा, असं त्यांनी तीस-बत्तीस वर्षं केलं. म्हणून सगळी वस्ती त्यांना काटाबाबू म्हणे आणि तोंडावर काकाजी. मी राजूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा ते निवृत्त झाले होते. वस्तीच्या कडेला त्यांनी स्वतःचं छोटं घर बांधलं होतं. त्याच्या भिंतीला भिंत लावून असलेली खोली मी भाड्यानं घेतली. मी दिग्रसकडच्या बंजारा तांड्यातली, घरात गोर बोली बोलणारी, एकटी मुलगी. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, पहिल्याच दिवशी अंगणाच्या भिंतीवरून भाजीची वाटी दिली आणि काटाबाबूंनी विचारलं, "मॅडम, तांड्यावर पाणी विहिरीचं का बोअरचं?"

राजूरची हवा अंगाला लागायला वेळ लागतो. दोरीवर पांढरी साडी वाळत घालावी आणि संध्याकाळी करडी काढावी, अशी तिथली धूळ. महिनाभरात मला खोकला लागला आणि तो जाईना. वणीच्या डॉक्टरांनी तपासून छाती साफ असल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, तरी वर्गात पाढे म्हणून घेताना मीच मध्ये थांबायची. भिंतीपलीकडून आठ दिवस हा खोकला ऐकून काटाबाबू एक पुडी घेऊन आले. पुडीत वाळवलेला अडुळसा, सुंठ आणि गूळ होता, आणि वर एक चिठ्ठी. तिच्यावर ट्रकच्या वजनाची लिहावी तशा अक्षरात लिहिलं होतं: 'अडुळसा, पाने सात. जागा नाल्यापलीकडचे पडीत. तोडले रविवारी सकाळी. तोडणारा स्वतः.' मी खोकत खोकत म्हटलं, की काकाजी, मला खोकला बरा करायचाय, परीक्षा द्यायची नाही. ते हसले नाहीत.

"पुडी घेणाऱ्याले पुडीत काय हाय ते माहीत पायजे," एवढं म्हणून ते गेले. खोकला पंधरा दिवसांत गेला. काढ्यानं गेला की हवा सवयीची झाली म्हणून गेला, हे मी पुढं त्यांनाच विचारलं. त्यांनी सांगितलं की तेही हेच ठरवू पाहत आहेत, आणि त्यासाठी मला पुढच्या हिवाळ्यात पुन्हा खोकला झाला तर बरं पडेल.

हे सगळं त्यांनी एका पोथीतून उचललं होतं. प्राचीन वैद्यकाची ती एक संहिता होती, वर संस्कृत श्लोक आणि खाली जुन्या वळणाच्या मराठीत अर्थ. मूळ ग्रंथ त्यांनी कुठूनसा मिळवून वणीत झेरॉक्स केला होता आणि काट्यावरच्या रद्द झालेल्या रजिस्टरचा निळा पुठ्ठा लावून शिवून घेतला होता. संस्कृत ते काट्यावरच शिकले, एक ट्रक गेल्यावर दुसरा येईपर्यंत, मुलीच्या आठवीच्या पुस्तकावरून. घर बुद्धाला मानणारं. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं मेणबत्ती. पोथीला मात्र त्या खोलीत जागा नव्हती. ती स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी असे आणि तिच्यावर हळदीचे डाग होते.

एकदा मी विचारलं, की इतकी जपून वाचता, मग अशी मिठाशेजारी कशी ठेवता? तेव्हा त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात पोथी बाळगणारे एक वैद्य होते. आजोबा औषधाला जात तेव्हा ते ओट्यावर उभे राहून पुडी वरून खाली टाकत आणि आजोबा ती धुळीतून उचलत. एकदा घरातलं लेकरू आजारी होतं म्हणून आजोबांनी पुडीत काय आहे ते विचारलं. पुढच्या वेळी त्यांना पुडी मिळाली नाही. ही गोष्ट काटाबाबूंनी अगदी सपाट आवाजात सांगितली, आणि मग मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "ज्या पोथीले माह्या आजाचा हात लागला असता तं ती बाटली असती, तिची म्या झेरॉक्स काढली, पोरी. दोन कॉप्या." त्या दिवसापासून त्यांच्या चिठ्ठ्यांची मी थट्टा केली नाही.

पोथीशी त्यांचं नातं भक्ताचं नव्हतं, आणि वैऱ्याचंही नव्हतं. कानात पेन्सिल खोचलेली असे. प्रत्येक वनस्पती ते आधी स्वतःवर, मग काकूंना विचारून काकूंवर पाहत आणि समासात शेरा मारत: 'पाहिले. बरोबर.' 'पाहिले. फरक नाही.' जिथं मंत्र म्हणून मुळी उपटायला सांगितली होती तिथं मंत्राशेजारी 'सोडा' आणि मुळीशेजारी 'घ्या'. सोन्याची राख, मोत्याची राख असलं काही आलं की 'हे मालकलोकांसाठी' असं लिहून पान उलटत. काही शेरे वर्षानं खोडून बदललेले होते. मला वाटतं, इतक्या शतकांत त्या ग्रंथाला इतका प्रामाणिक वाचक क्वचितच मिळाला असेल.

त्याच पोथीत वनस्पती कुठून घेऊ नये याची यादी होती. स्मशानातली नको, वारुळावरची नको, रस्त्याकडेची, दलदलीतली, आगीत होरपळलेली, किडीनं खाल्लेली नको. त्याखाली काटाबाबूंनी पेन्सिलीनं आपली यादी जोडली होती. कोळशाच्या ढिगाजवळची नको. ट्रकच्या रस्त्याला हाकेच्या अंतरातली नको. चुनाभट्टीच्या वाऱ्याखालची नको. फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, तर मुळीच नको, आणि या शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. "फवारा पोथीले माहीत नव्हता. मले माहीत हाय," ते म्हणत. या दोन याद्या लावल्यावर राजूरच्या आसपास औषधाला वनस्पती मिळणारी एकच जागा उरत होती. नाल्यापलीकडचं पडीत, जायला तासभर, यायला तासभर, मध्ये गुडघाभर चिखल. दर रविवारी सकाळी सहाला ते पिशवी घेऊन निघत, आणि खोकल्याच्या प्रकरणानंतर मीही त्यांच्या मागून जाऊ लागले. खरं सांगायचं तर रविवारी काकूंच्या हातचा नाश्ता मिळे, हेही एक कारण होतंच.

वर्षभरानं मी याडीला तांड्यावरून राजूरला आणलं. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. वडील गेल्यावर ती दादाकडं होती, पण तिचे पाय सुजायला लागले आणि शेतात उभं राहणं होईना. ती येऊन दोन दिवस झाले नाहीत तो काटाबाबू पोथी घेऊन तिच्यासमोर बसले. वनस्पती ओळखायची असेल तर रानात फिरणाऱ्यांना, गुराख्यांना विचारा, असं त्या ग्रंथात लिहिलेलं आहे. तो अर्थ त्यांनी तिला मोठ्यानं वाचून दाखवला. "लिहिणाऱ्यानंच कबूल केलं, याडी. त्याले नावं येत होती, झाडं तुमाले येत होती." याडी म्हणाली, मग इतकं जाड पुस्तक कायले लिहिलं, मलाच बोलवायचं होतं.

तेव्हापासून दोघांचं रोज वाजे. ते श्लोकातलं वर्णन वाचत, ती पाला चुरगळून हुंगे आणि मान हलवे. पोथी म्हणते फूल पांढरं, याडी म्हणते आमच्याकडं तांबडंच असतं. ती जिंकली की ते समासात लिहीत, 'याडीने सांगितले.' आयुष्यभर अंगठा उठवलेल्या माझ्या आईचं नाव एका संस्कृत ग्रंथाच्या पानांवर निदान पंचवीस ठिकाणी आहे. यासाठी मी त्या माणसाची जन्मभर ऋणी आहे, दुसरं काही घडलं नसतं तरी.

पायांच्या सुजेवर मात्र त्यांनी लगेच काही दिलं नाही. आधी लघवी आणि रक्त तपासून या, प्रेशर मोजून या, मग बोलू, असं सांगितलं. मी जरा चिडलेच, कारण एक दिवसाची रजा जाणार होती. ते म्हणाले, पोथी लिहिणाऱ्याकडं यंत्र नव्हतं म्हणून त्यानं नाडी धरली, आपल्याकडं आहे तर वापरायला काय जातं? वणीच्या डॉक्टरांनी मूत्रपिंड ठीक असल्याचं सांगितलं, मीठ कमी करायला लावलं आणि एक गोळी दिली. तो कागद दोनदा वाचून झाल्यावर काटाबाबूंनी पुनर्नवा काढली. आमच्याकडची घेटुळी, पावसाळ्यात जमिनीवर पसरते ती. गोळी चालू ठेवायची आणि डॉक्टरांना सांगून आठवड्यातून दोनदा पाल्याचा अर्धा कप रस. महिनाभरात याडीच्या पायांत चपला पुन्हा सहज शिरायला लागल्या.

आता जे सांगायचं ते मला जड जातं, पण तेच सांगण्यासाठी मी लिहायला बसले आहे. भाद्रपदातला एक रविवार होता. काटाबाबूंना ताप होता, म्हणून पाला आणायला मी एकटीच जाणार होते. सोमवारी शाळेची तपासणी, मोबाइलवर माहिती भरायची राहिलेली, आणि नाल्याला चिखल. माझा मूळचा स्वभाव आडवाटेनं लवकर पोचण्याचा. शाळेमागं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर होतं आणि त्याच्या धुऱ्यावर घेटुळी अशी माजली होती की पिशवी पाच मिनिटांत भरावी. त्या वावरात दोन दिवसांपूर्वी फवारणी झाली होती. मला ते माहीत होतं. वास यायला लागला म्हणून वर्गाच्या खिडक्या मीच लावून घेतल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, फवारा पिकावर मारतात, धुऱ्यावर नाही, आणि आपण दोनदा धुऊ.

मी पाला दोनदा धुतला. भिंतीवरून काटाबाबूंना दाखवला. ते चादर गुंडाळून बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठचा?" मी म्हटलं, पडीतातला. चिठ्ठीवरही तसंच लिहिलं: 'जागा नाल्यापलीकडचे पडीत. तोडणारी स्वतः.' त्यांनी चिठ्ठी वाचली, मॅडमचं अक्षर पाहा म्हणून काकूंना दाखवली आणि खिशात ठेवली. याडीनं रस तोंडाशी नेला, जरा थांबली, माझ्याकडं पाहिलं आणि पिऊन टाकला.

तासाभरात तिला घाम सुटला. मग उलट्या, तोंडातून लाळ, हाताची बोटं आपोआप हलायला लागली. काकूंनी ऑटो थांबवला. काटाबाबू तापातच, चप्पल न घालता आत चढून बसले आणि वणीच्या दवाखान्यापर्यंत याडीचं डोकं त्यांनी मांडीवर धरून ठेवलं. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिनं विचारलं, काय खाल्लं, काय प्यायलं. काटाबाबूंनी खिशातून चिठ्ठी काढून तिच्यापुढं धरली. "घेटुळीचा रस हाय, मॅडम. पाला साफ जागेचा हाय, याहिनं स्वतः आणला. यानं असं होत नाही. तुमी दुसरं काही पाहा." डॉक्टरनं चिठ्ठी वाचली आणि ती दुसरं काही पाहायला लागली. सकाळचं जेवण विचारलं, हृदयाचा त्रास विचारला, ईसीजीची पट्टी काढायला सांगितली.

मी तिथंच उभी होते. माझ्या अक्षराच्या जोरावर तो माणूस माझ्याबद्दल ग्वाही देत होता, आणि माझी आई समोर खाटेवर तडफडत होती, आणि माझं तोंड उघडत नव्हतं. किती वेळ गेला ते मला खरंच सांगता येणार नाही. दोन मिनिटं असतील, पाच असतील. नर्सनं याडीची पापणी वर केली, तेव्हा तिच्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली मला दिसली. मग मी बोलले. "पाला शाळेमागच्या फवारलेल्या धुऱ्यावरचा आहे. मी खोटं लिहिलं."

डॉक्टरनं एक शब्दही वाया घालवला नाही. नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि मला विचारलं, फवारलं काय होतं. मला माहीत नव्हतं. काटाबाबू बाहेर गेले, त्या शेतकऱ्याला फोन लावून औषधाच्या डब्याचा फोटो मागवला आणि मोबाइल डॉक्टरच्या हातात दिला. हे सगळं करताना त्यांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. याडी तिसऱ्या दिवशी उठून बसली. डॉक्टर म्हणाली, वेळेवर कळलं म्हणून.

दादा त्या रविवारीच संध्याकाळी दोघा नातेवाइकांना घेऊन तांड्यावरून आला होता. तोवर राजूरची निम्मी वस्ती दवाखान्याच्या व्हरांड्यात जमली होती. कुणीतरी त्याला सांगितलं, पोथीवाल्या बाबूचा रस पिऊन असं झालं. दादा सरळ काटाबाबूंच्या अंगावर गेला. बरंच बोलला, त्यातलं एक वाक्य मला अजून झोपू देत नाही. "यायच्या हातचं घेतलं म्हणून माह्या मायवर ही पाळी आली." काटाबाबू तापानं लाल झालेले, अनवाणी, भिंतीला टेकून उभे होते. खरं काय ते त्या व्हरांड्यात दोनच माणसांना माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "पाला घ्याले मीच सांगितलं होतं." आणि मी गप्प राहिले. खाटेपाशी बोलले होते, व्हरांड्यात बोलले नाही. त्या वाक्यातलं 'यायच्या', म्हणजे 'यांच्या', हे एका माणसाला नाही तर जातीला उद्देशून आहे हे मला, त्यांना, सगळ्यांना कळलं होतं, तरीही.

याडीला घरी आणल्यावर मी तिच्यापुढं सगळं कबूल केलं. तिनं रागावावं, मारावं, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "मले वास आलता फवाऱ्याचा. तू आणला होता म्हणून पेली." त्या दिवशी मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं गेले. काटाबाबू ओट्यावर पोथी निवडत बसले होते, म्हणजे सुटलेली पानं लावत होते. मी माफी मागितली. दादाला आणि वस्तीला आजच खरं सांगते, असंही म्हटलं. त्यांनी पानं खाली ठेवली. याडी आत्ता कुठं उठली आहे, तिच्यासमोर भावाबहिणीचं भांडण नको, शिवाय तुझी नोकरी शाळेची, लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात, असं ते शांतपणे सांगत राहिले. शेवटी म्हणाले, "मंग सांगशील. घाई कायले?" मी उठले तेव्हा मागून आवाज आला, "रविवारी सहाले निघू. चिखल हाय, बूट घालजो." एवढीच मला मिळालेली शिक्षा. तिच्यापेक्षा थोबाडीत सोपी गेली असती.

लोक विसरले नाहीत. सर्दी-पडशाला, लेकरांच्या पोटदुखीला त्यांच्याकडं येणारी माणसं ओट्यावरून पुढं निघून जाऊ लागली. काकूंना नळावर ऐकावं लागे. काटाबाबूंनी पुड्या देणं बंद केलं. ज्याला हवं त्यानं सोबत यावं, जागा पाहावी, स्वतः तोडावं, असा नवा नियम त्यांनी केला. त्यामुळं आमच्या रविवारच्या फेरीत माणसं उरली तीन. ते, मी आणि पाय बरे असले की याडी. रस पिऊन मरता मरता वाचलेली बाई पुन्हा त्याच माणसाच्या मागून घेटुळी तोडायला जाते, हे पाहून लोक चक्रावत. याडीला विचारलं तर ती म्हणे, माझा माझ्या डोळ्यांवर भरोसा आहे.

मी 'मग सांगशील' या शब्दांवर तीन वर्षं काढली. याडीची तब्येत, मग माझी बदलीची भीती, मग दादाच्या घरचं लग्न. कारणं खरी होती आणि ती मला सोयीची होती. त्या तीन वर्षांत त्यांनी मला जे दिलं ते मी कोणत्याही प्रशिक्षणात शिकले नाही. गुळवेल कोणत्या झाडावरची घ्यायची, निर्गुडीचा शेक किती गरम, हिरडा कुणाला द्यायचा नाही, आणि ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही की पोथी मिटून दवाखान्यात जायचं. आज माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया मला घरगुती काही विचारतात तेव्हा मी आधी दहा प्रश्न विचारते, आणि त्यांचे कंटाळलेले चेहरे पाहून मला बरं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात काटाबाबूंची छाती भरली. तीस वर्षांची धूळ होती ती. पोथीतला खोकल्याचा अध्याय त्यांना पाठ होता. पण पहिल्या धापेलाच ते स्वतः डॉक्टरांकडं गेले आणि सांगितलं ते सगळं केलं. त्या अध्यायाच्या समासात त्यांचा शेवटचा शेरा आहे: 'पाहिले. माझ्यासाठी उशीर झाला. इतरांनी लवकर पाहावे.' शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ बसले होते. मी म्हटलं, काकाजी, मी अजून सांगितलं नाही. त्यांनी ऑक्सिजनची नळी सांभाळत मान हलवली आणि काकूंना मला चहा द्यायला सांगितलं.

ते गेल्यानंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत झाला. दोनशेक माणसं असतील. दादाही आला होता, याडीनं हट्टानं आणलं म्हणून. तो मागं चपलांपाशी उभा होता आणि जेवणाआधीच निघायचं, असं त्यानं मला दोनदा बजावलं होतं. भंतेजींची वंदना झाली, मग एकेक माणूस माइकवर बोलू लागला. काट्यावरचे त्यांचे एक सोबती उठले. बाबूंनी कधी एका किलोची हेराफेरी केली नाही, असं म्हणाले, आणि पुढं म्हणाले, "त्या पोथीच्या नादानं एका बाईच्या जिवावर बेतलं होतं, तेवढं एक सोडलं तं माणूस सोन्याचा."

मी उठले. माइकपर्यंत कशी गेले ते आठवत नाही, वर्गात मोठ्यानं बोलायची सवय होती म्हणून आवाज फुटला एवढंच. मी म्हटलं, "ती बाई माझी आई आहे, इथं बसली आहे. तो पाला मी आणला होता, फवारलेल्या धुऱ्यावरून. काकाजींनी मला विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. दवाखान्यात माझा भाऊ त्यांना नको ते बोलला, तेव्हा मी शेजारी उभी होते आणि गप्प बसले. त्यांनी माझं नाव शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. त्यांच्यात सोडून द्यावं असं काही नव्हतं. ते माझ्यात आहे."

मग काकू जागेवरून उठल्या, माझ्या हातातला माइक घेऊन त्यांनी तो सोबत्याकडं दिला आणि मला खांद्याला धरून याडीशेजारी नेऊन बसवलं. "मले माहीत होतं, पोरी," त्या म्हणाल्या. "आता जेवून घे."

पंगती बसल्या. मी मागं पाहिलं तर चपलांपाशी दादा नव्हता. तो निघून गेला असं मला वाटलं. पण तो नळावर हातपाय धूत होता. तिथून आला तो सरळ शेवटच्या पंगतीत, भिंतीकडच्या रिकाम्या जागेवर मांडी घालून बसला. वाढणारा मुलगा भाताचं टोपलं घेऊन त्याच्यापुढं आला, तेव्हा दादानं पत्रावळीवर हात आडवा धरला. मुलगा गोंधळून थांबला. दादानं मान वर करून काकूंकडं पाहिलं.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्या हातानं वाढा."